आधी रेषा, मग संगणक

दहावी-बारावीचे निकाल लागले की ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात. ज्या घरातील मुलाचा वा मुलीचा हात चित्रकलेत बरा चालतो, त्या घरात या जाहिराती आशेने वाचल्या जातात. शुल्क किती, संगणक किती, नोकरीची हमी आहे का, याची बारकाईने चौकशी होते. मात्र तेथे चित्र काढावयास शिकवितात का, हा मूलभूत प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

ॲनिमेशन म्हणजे संगणकावर चित्रे हलविणे, हा समज या चुकीच्या मुळाशी आहे. चित्र हलण्यापूर्वी ते कोणीतरी ठरवावे लागते. पात्राची अंगकाठी, चेहरा, वेष आणि उभे राहण्याची ढब निश्चित करणे ही पात्ररचना होय. पात्र समोरून, बाजूने, पाठमोरे कसे दिसेल, हसताना वा संतापताना त्याच्या भुवया कशा वळतील, हे सारे आधी रेखाटून ठेवावे लागते. केवळ काळ्या सावलीवरूनही ते ओळखू आले पाहिजे, ही त्याची पहिली कसोटी. या पात्रांचे जग, तेथील वास्तू, प्रकाश, प्रसंगागणिक पालटणारे रंग यांना एका सूत्रात बांधणे हे कलादिग्दर्शन.

ही विद्या केवळ हातचलाखीची नव्हे, हे ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटाने दाखवून दिले. जपानचे युगो साको, कोइची सासाकी आणि भारताचे राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९२ सालचा. जपानी चित्रकारांचा हात कसलेला होता. परंतु धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेताना मुले कशी वाकतात, हे त्यांना भारतीय सहकाऱ्यांनी समजावून द्यावे लागले. तंत्र परदेशातून आणता येते. वाकलेल्या पाठीतील आदर मात्र तो पाहिलेल्या डोळ्यांनाच रेखाटता येतो. २०२५ च्या जानेवारीत हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला.

दुर्दैवाने पुढील काळात आपल्याकडील पुष्कळसे काम परक्या आराखड्यांवर हात चालविण्याचे राहिले. पात्रे आणि रंग तिकडे ठरणार, मधली चित्रे इकडे भरली जाणार. या कामाने अनेकांच्या घरी चूल पेटली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आज यंत्र क्षणार्धात चित्रे तयार करून देऊ लागले आहे. अशा वेळी केवळ सॉफ्टवेअरची बटणे ठाऊक असलेल्या तरुणाचे काय होणार? यंत्राने पुढे टाकलेल्या दहा चित्रांतील कोणते खरे, कोणते खोटे, हे सांगणारी दृष्टी त्याच्यापाशी नसेल, तर घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले शुल्क वाया गेल्यासारखेच.

ही दृष्टी मिळविण्याचा मार्ग जुनाच आणि तुलनेने स्वस्त आहे. एक वही, एक पेन्सिल आणि रोजचा सराव. एस.टी. स्थानकावर ताटकळलेला म्हातारा, मंडईत भाव करणारी गृहिणी, डोक्यावर हंडा तोलणारी मुलगी यांच्या देहाच्या रेषा टिपाव्यात. शरीररचना आणि यथादर्शन शिकावे. एकच वाडा सकाळी आणि कातरवेळी रंगवून पाहावा. कुडाळजवळच्या पिंगुळीस जाऊन ठाकर कलावंतांच्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या पाहाव्यात. केवळ बाह्यरेषेतून पात्र कसे उभे करावे, हे त्या बाहुल्या पडद्यावर सावली पडताच सांगतात. दादासाहेब फाळके यांनीही कॅमेरा हाती घेण्यापूर्वी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकलेचे धडे गिरविले होते.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेतील संगणक मोजू नयेत. तेथील विद्यार्थ्यांच्या रेखाटनवह्या पाहावयास मागाव्यात. त्या कोऱ्या असतील तर तेथून परत फिरावे. आपल्या कथा जगाला सांगावयाच्या, तर त्यांतील माणसे कशी दिसावीत हे ठरविणारा हातही आपल्याच घरात घडला पाहिजे.