सफाई बचत गटांकडे, जबाबदारी कोणाकडे?

शहरांची सफाई महिला बचत गटांकडे सोपवावी, हा विचार आता नवा राहिलेला नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांचे बचत गट उभे करून त्यांना घरोघरच्या संकलनात सामावून घेण्यास नागरी संस्थांना सांगितले. ओडिशाने पुढे जाऊन मैलाप्रक्रिया केंद्रेही महिला गटांच्या हाती दिली. कटकमध्ये तर असे काम तृतीयपंथीयांच्या गटाने सांभाळले. तेव्हा महिलांना यंत्रे जमतील काय, ही शंका निकालात निघाली आहे. प्रश्न आहे तो पैसे कोणी मोजायचे, हा.

केरळचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 'कुटुंबश्री' ही १९९८ ची योजना. तिच्याच जाळ्यातून हरित कर्म सेना उभी राहिली. या महिला घरोघर जाऊन प्लास्टिकसारखा न कुजणारा कचरा गोळा करतात आणि त्यांची कमाई मुख्यतः घरोघरच्या शुल्कावर चालते. अनेक कुटुंबांनी ते देण्यास नकार दिला. शुल्क मागण्याचे काम महिलांकडे, वसुलीचे बळ मात्र त्यांच्याकडे नाही, अशी ही विचित्र वाटणी होती. मार्च २०२३ मध्ये ब्रह्मपुरमचा कचराडेपो पेटला आणि कोची शहर कित्येक दिवस धुरात गुदमरले, तेव्हा कुठे सरकार हलले. पुढे थकीत शुल्क मालमत्ता कराबरोबर वसूल करण्याची तरतूद झाली.

पुण्यातील 'स्वच्छ' हा बचत गट नव्हे, कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, 'स्वच्छ' २००८ ची. म्हणजे आधी संघटना, मग करार. तरीही २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी या महिलांना झगडावे लागले. मग दहा-बारा जणींच्या सुट्या गटाचे महापालिकेपुढे काय चालणार?

'बचत गट' म्हटले की भाषाच बदलते. वेतनाचे 'मानधन' होते, कामगार स्त्री 'उद्योजिका' ठरते. भविष्य निर्वाह निधी, हातमोजे, बाळंतपणाची रजा यांचा उल्लेखच गळतो. बिल थकले तर मोठा ठेकेदार काही महिने तग धरतो, गटातील बाईची चूल मात्र त्याच महिन्यात अडते. तेव्हा शुल्क पालिकेने स्वतः वसूल करावे, किमान वेतनाइतक्या उत्पन्नाची हमी अर्थसंकल्पातून द्यावी आणि विम्याचा हप्ता करारातच लिहावा. एवढी तयारी नसेल, तर सक्षमीकरणाचे फलक तूर्त काढून ठेवलेले बरे.