शालजोडी गेली, जोडे उरले

दोन लेखकांनी एकमेकांना जाहीरपणे नावे ठेवावीत आणि वाचकांनी ती चवीने वाचावीत, ही काही मोबाइलने आणलेली चाल नव्हे. आज एखादा कथाकार फेसबुकवर दुसऱ्याच्या जाडजूड कादंबरीला ‘उशाला घेण्याजोगी’ म्हणतो, दुसरा ‘तुमची तर उशालाही पातळ पडते’ असे उत्तर देतो, आणि शे-दोनशे लोक हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे टाकून मोकळे होतात. इथवर सारे गोड. पण या गमतीचा शेवट अलीकडे वारंवार रुसव्यात, आणि कधी त्याहूनही वाईट गोष्टीत होऊ लागला आहे. पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी राहून चार ओळी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न फार जवळचा वाटतो.

आपल्या मराठवाड्याची जीभ मुळातच तिखट. गंगाखेडच्या जनाबाईने प्रत्यक्ष विठ्ठलाला शिव्या घातल्या आणि त्या भक्ती म्हणून आपण आजही गातो. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी आलिंगन देऊन मोकळे होतात. निजामशाहीच्या काळापासून हिंदू-मुसलमान शेजारी राहत आलेल्या आमच्या पाथरीत तर त्या संवादाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तमाशातले कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावर रात्ररात्र एकमेकांना कवनांतून डिवचत. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात.

छापील साहित्यात या कलेचे सम्राट अर्थातच आचार्य अत्रे. १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची अशी काही विडंबने केली की मूळ कविता विसरलेल्यांनाही ती आठवत राहिली. पुढे भल्याभल्यांना त्यांच्या लेखणीने सोडले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पंडित नेहरूंवर त्यांनी कडाडून टीका केली. पण १९६४ साली नेहरू गेले तेव्हा त्याच अत्र्यांनी ‘मराठा’त ‘सूर्यास्त’ या नावाने जी लेखमाला लिहिली, ती वाचून महाराष्ट्र हळहळला. दूर अरबस्तानातही हेच दिसते. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी जरीर आणि फरझदक हे दोन कवी जवळजवळ चाळीस वर्षे एकमेकांची निंदा करणाऱ्या कविता रचत राहिले. फरझदक वारला तेव्हा त्याच्यावर शोककाव्य लिहिले ते जरीरनेच! ज्याला मनापासून शिवी देता येते, त्यालाच मनापासून रडताही येते, असे म्हणावेसे वाटते.

या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. भांडणाला बांध होता. शाहिरांना फड होता, बायकांना ओढा आणि वर्षातला एकच दिवस होता, एकनाथांच्या दोघांना शेवटचे आलिंगन ठरलेले होते. ऐकणाऱ्यांना खेळाचे नियम ठाऊक होते आणि सकाळ झाली की जो तो आपल्या घरी जात होता. मराठीत याला मोठा सुंदर शब्द आहे : शालजोडीतले. मारायचे जोडेच, पण शालीत गुंडाळून. ज्याला बसायचा त्याला तो बसतो आणि बघणाऱ्याला शालीचे कौतुक वाटते.

मोबाइलने नेमकी ही शाल काढून घेतली. आमच्याच गावातले उदाहरण सांगतो. माझ्या परिचयाचे दोन कवी आहेत. एक शेतीमातीची कविता लिहिणारे, त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात. दुसरे गझल लिहिणारे, ते ‘शायर’. व्हॉट्सॲपच्या एका साहित्यिक गटावर दोघांची रोजची जुगलबंदी. एकदा शायर म्हणाले, ‘मास्तर, तुमच्या कवितेत आसवांचा एवढा पूर, की जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सोडायची गरजच नाही.’ मास्तरांनी तत्काळ परतफेड केली, ‘शायर, तुमच्या गझलेत साकी इतक्यांदा येते, की वहिनींनी तुम्हाला चहा देणंच बंद केलंय म्हणे!’ गट हसून बेजार झाला.

पण कोणीतरी यातले पहिले वाक्य तेवढे कापून, चित्र करून, दुसऱ्या गटांवर धाडले. तिथे ना मास्तरांना कोणी ओळखत होते, ना शायरांना. तिथे उरले फक्त ‘शेतकऱ्याच्या अश्रूंची टिंगल’ आणि टिंगल करणाऱ्याचे आडनाव. दोघांचे धर्म वेगळे असल्याने पुढे काय झाले असेल, हे वाचकांनीच ताडावे. शेवटी दोघांनी चहाच्या हॉटेलात शेजारी बसून फोटो काढला आणि सगळीकडे टाकला. तो फोटो मात्र त्या चित्राच्या दहाव्या हिश्श्यानेही फिरला नाही.

हे फक्त आमच्यासारख्या लहान गावात होते असेही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत ‘एआयबी’ या विनोदी मंडळींनी ठरवून एकमेकांना शिव्या देण्याचा कार्यक्रम केला. तिकीट काढून आलेले प्रेक्षक हसले. पुढच्या महिन्यात त्याची चित्रफीत यूट्यूबवर आली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रकरण गुन्हा दाखल होण्यापर्यंत गेले. तो विनोद अभिरुचीला धरून होता की नव्हता, हा वाद बाजूला ठेवू. फडातले बोल फडाबाहेर गेले की त्यांचा अर्थ बदलतो, हे त्यातून दिसलेच.

मग कायदा आहे की, असे कोणी म्हणेल. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आणि बोलणाऱ्याला दिलासा मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचे कलम ३५६ आहेच; त्यात समाजसेवेचीही शिक्षा सुनावता येते. पण थट्टा कुठे संपली आणि अपमान कुठे सुरू झाला, हे फौजदाराने ठरवावे अशी वेळ आली, तर ती थट्टा आधीच मेलेली असते.

तेव्हा बांध आपणच घालायला हवा. थट्टा करायची ती परतफेड करू शकणाऱ्या बरोबरीच्या माणसाची. जातीवर, धर्मावर, घरातल्या दुःखावर जायचे नाही. आणि तुमच्याआमच्यासारख्या वाचणाऱ्यांचे कामही मोठे आहे : अर्धे वाक्य हाती आले तर पुढे धाडण्यापूर्वी उरलेले अर्धे शोधावे. लिहिणाऱ्यांनी टोमणे मारणे सोडून दिले, तर आपली भाषा गुळमुळीत होईल आणि मनातली अढी मनातच कुजेल. मास्तर आणि शायर आता गटावर फक्त ‘वा, छान’ एवढेच लिहितात. गावात शांतता आहे. मला मात्र ती शांतता फारशी बरी वाटत नाही.