रिमोटची पिन एक करा

गेल्या अमावास्येला संध्याकाळच्या ओहोटीत एडवणच्या किनाऱ्यावर आम्ही दोघे ट्रायपॉड रोवून उभे होतो. ऐन सूर्यास्ताला मित्राच्या रिमोटची वायर पिनेपाशी तुटली. आमच्या बॅगेत जादा रिमोट होता, पण त्याचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, पिन बसेना. सफाळ्याला गाडी पकडली तेव्हा त्याच्या कार्डात लाटांची एकही धारदार फ्रेम नव्हती. वाचकांच्या पत्रांतही हेच रडगाणे असते, म्हणून या वेळचे संपादकीय या पिनेवर.

वायरच्या रिमोटचे काम ते केवढे! एक सामाईक तार, एक फोकसची, एक शटरची. एवढ्यासाठी निकॉनच्या काही कॅमेऱ्यांना दहा पिनांचे सॉकेट, काहींना वेगळेच छोटे. सोनीचे मल्टी टर्मिनल निराळे. कॅननने आर ५ आणि आर ६ हे जुलै २०२० मध्ये एकाच दिवशी जाहीर केले आणि एकाला एन३ सॉकेट दिले, दुसऱ्याला अडीच मिलिमीटरचा जॅक! एन३ची पिन अडकून बसते, वाऱ्यात निसटत नाही, हे मान्य. मग सगळ्यांनाच तशी द्या. पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१, निकॉन एफएम२ यांच्या शटर बटणात एकच निमुळता आटा होता. एक केबल रिलीज तिन्हींवर चाले. निकॉनने २०१३ मध्ये डीएफ या डिजिटल कॅमेऱ्यावर तो आटा पुन्हा दिला. म्हणजे अशक्य काहीच नाही, इच्छा नाही.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून डिजिटल कॅमेऱ्यांनाही चार्जिंगसाठी यूएसबी-सी सक्तीचे केले. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही यूएसबी-सीचे मानक काढले. शटरच्या तारेचे मात्र कुणालाच पडलेले नाही.

आता आपल्यातल्यांशी थोडे. ‘दोन सेकंदांचा टायमर लावतो, रिमोट कशाला?’ हे ऐकून कान किटले. टायमरने धक्का टळतो, क्षण हाती लागत नाही. फुटलेल्या लाटेचे पाणी मागे सरू लागते, तेव्हाच अर्ध्या सेकंदासाठी शटर उघडले तर वाळूवर रेघा उमटतात. टायमर संपेपर्यंत ते पाणी गेलेले असते. शिवाय ओल्या वाळूत कॅमेऱ्याला दर वेळी हात लावला की ट्रायपॉडचा पाय आणखी रुततो, क्षितिज कलते. आणि एनडी फिल्टर चढवून बल्बवर दोन मिनिटे बोट दाबून उभे राहणार का?

म्हणून सर्वांना कळकळीची विनंती: आपल्या कॅमेऱ्याचे मॉडेल आणि त्याला लागणारी पिन एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. त्यांचा तक्ता करून आम्ही नव्या मानकाचा प्रस्ताव ब्युरोकडे पाठवणार आहोत, प्रती कंपन्यांच्या भारतातील कार्यालयांना. ‘बाकीचे पाठवतील’ म्हणून बसू नका. तोवर बॅगेत आपल्याच पिनेचा दुसरा रिमोट ठेवा. पोस्टकार्डे १५ तारखेच्या आत हवीत.