लाल उजेडातला मिस्टर इंडिया

शनिवारचा पडदा | प्रेक्षक

मुलांसोबत जुना विज्ञानपट बघताना मोठी माणसं एक तर ‘गप्प बस, पुढं बघ’ म्हणतात, नाहीतर ‘असं खरं नसतं गं’ सांगून मोकळी होतात. दोन्हींत मुलाचा प्रश्न तिथल्या तिथं विझतो. अशा वेळी सिनेमा थांबवावा, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या रविवारी सोलापुरात सात रस्त्याजवळ बहिणीच्या घरी भाचीला १९८७चा ‘मिस्टर इंडिया’ दाखवला. दिग्दर्शन शेखर कपूर यांचं, पटकथा सलीम-जावेद यांची, दृश्य करामती पीटर परेरा यांच्या. अदृश्य झालेल्या नायकाच्या हातातली हनुमानाची मूर्ती हवेत फिरून गुंडांना बदडायला लागली, तशी पोर सोफ्यावर उभी राहून ओरडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, “मामा, उजेड त्याच्या आरपार जातो ना? मग त्याला दिसतं कसं?”

प्रश्न बिनतोड होता. डोळ्याच्या पडद्यावर उजेड शोषला जातो, म्हणून आपल्याला दिसतं. सगळाच आरपार गेला, तर अदृश्य माणूस आंधळा होईल. एच. जी. वेल्स यांनी १८९७च्या कादंबरीत ही अडचण ओळखून नायकाच्या डोळ्यांत थोडा रंग शिल्लक ठेवला होता.

पुढं लाल उजेडात मिस्टर इंडिया दिसतो. हे मात्र तिनं करूनच बघितलं. खोलीत अंधार केला, टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर गुंडाळला आणि पांढऱ्या कागदावर लाल नि निळ्या पेनानं नाव लिहिलं. लाल अक्षरं जवळजवळ पुसली गेली, निळी काळी दिसू लागली. पांढरा कागद आणि लाल शाई, दोन्ही लाल उजेड सारखाच परतवतात. निळी शाई तो गिळते. “म्हणजे सिनेमात उलटं आहे!” ती म्हणाली, आणि उरलेला सिनेमा दुप्पट चवीनं बघितला.

प्रश्नांनी मजा जाते, हा मोठ्यांचा गैरसमज आहे. जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञानं १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. कल्पना आणि विज्ञान एकाच घरात नांदतात, हे त्यांनी मराठी वाचकाला दाखवून दिलं.

तेव्हा सुट्टीत मुलांना हा सिनेमा जरूर दाखवा, पण रिमोट त्यांच्या हातात द्या. जे उत्तर तुम्हाला येणार नाही, ते वहीत लिहा आणि पोराला घेऊन केगावचं विज्ञान केंद्र गाठा. ते आपल्याच सोलापुरात आहे.