दातांच्या खुर्चीपलीकडे

बारावीचा निकाल लागला, की ज्यांना वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दार उघडत नाही त्या विद्यार्थ्यांपुढे आरोग्य क्षेत्रातील पदविकांची एक लांबलचक यादी ठेवली जाते. त्या यादीत तळाशी कोठेतरी 'डेंटल हायजिनिस्ट' हे नाव असते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी आणि मग एखाद्या दंतवैद्याच्या हाताखाली रुग्णांच्या दातांवरचे कीटण खरवडण्याचे काम, एवढीच या पेशाची कल्पना पालकांना असते आणि बहुतेक विद्यार्थ्यांनाही. हे काम करून चाळिशीत मनगट आणि मान दुखू लागली तर पुढे काय, असा प्रश्न प्रवेशाच्या वेळी कोणी विचारत नाही.

वस्तुतः या पेशाचा जन्म शाळांच्या सेवेसाठी झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे गाव आहे. तेथील डॉ. आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या साहाय्यिकेला दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले, आणि १९१३ मध्ये अशा स्त्रियांसाठी पहिला वर्ग सुरू केला. त्या वर्गातून २७ जणी उत्तीर्ण झाल्या. त्यांतील अनेकींना नोकरी दिली ती ब्रिजपोर्टच्या शिक्षण मंडळाने. मुलांचे दात त्या साफ करीत, पण त्याहून अधिक वेळ त्यांना दात राखावेत कसे हे शिकविण्यात जाई. किडलेला दात उपटण्यापेक्षा तो किडू न देणे स्वस्त, हा फोन्स यांचा हिशेब होता. पुढे धंदा वाढला, खाजगी दवाखाने वाढले आणि हायजिनिस्ट शाळेतून दवाखान्यातील खुर्चीशी येऊन बसली.

आपल्या कायद्यालाही या मूळ कल्पनेचे विस्मरण झालेले नव्हते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात हायजिनिस्टची व्याख्या अशी केलेली आहे, की दंतवैद्य किंवा डॉक्टर नसलेली जी व्यक्ती दात खरवडते, साफ करते, त्यांना चकाकी आणते, किंवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देते, ती हायजिनिस्ट. यातील 'किंवा' महत्त्वाचा आहे. हातात हत्यार न धरता केवळ शिकविण्याचे काम करणारी व्यक्तीही कायद्याच्या दृष्टीने पूर्ण हायजिनिस्ट ठरते. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आहे. तथापि पंचाहत्तर वर्षे जो शब्द कायद्यात होता, त्याचा उपयोग करून शिकविण्याची पदे निर्माण करावीत असे प्रशासनाला फारसे वाटलेले दिसत नाही.

अमेरिकेत खुर्ची सोडल्यावर काय, या प्रश्नाची चर्चा बरीच झाली आहे. वर्षानुवर्षे मान वाकवून, मनगट एकाच कोनात ठेवून सूक्ष्म काम केल्याने हातातील नस दबणे, खांदा आणि पाठ धरणे हे तेथील हायजिनिस्टांचे नेहमीचे दुखणे आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात दवाखाने बंद पडले तेव्हा काहीजणी परत आल्याच नाहीत. तेथील हायजिनिस्टांच्या संघटनेने या पेशाच्या ज्या भूमिका सांगितल्या आहेत त्यांत संशोधन, अध्यापन, सार्वजनिक आरोग्य, प्रशासन, उद्योगसंस्थेतील नोकरी, स्वतःचा व्यवसाय या सर्वांचा समावेश आहे. एस्थर विल्किन्स या मुळात हायजिनिस्ट. पुढे त्या दंतवैद्य आणि अध्यापिका झाल्या, आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पाठ्यपुस्तक आजही नव्या आवृत्त्यांतून शिकविले जाते.

हे सारे मार्ग येथे जसेच्या तसे आणता येणार नाहीत. अमेरिकेत दंतविम्याच्या दाव्यांची छाननी करण्यासाठी जाणकार माणसे लागतात. आपल्याकडे बहुतेक आरोग्य विम्यात दातांच्या नेहमीच्या उपचारांना स्थानच नाही, मग छाननी कशाची करणार? टूथपेस्ट व दंतसाहित्य विकणाऱ्या कंपन्यांत प्रतिनिधी म्हणून काम मिळू शकते, पण ते मुख्यतः शहरांत, आणि त्याचे स्वरूप विक्रीचे. अध्यापनाचे म्हणावे, तर पदविकेवरून पदवीकडे आणि तेथून प्राध्यापकपदाकडे जाणारी शिडी आपल्याकडे रूढ झालेली नाही.

त्यात आणखी एक पेच आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांतून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण दंतवैद्य शहरांतील दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर राबतात आणि कीटण काढण्याचे कामही तेच करतात. पदवीधर स्वस्तात मिळत असेल तर पदविकाधारकाला कोण ठेवणार? म्हणजे ज्या खुर्चीसाठी ही पदविका घ्यायची तीच खुर्ची आधी भरलेली. दात आहेत तर चणे नाहीत, असे म्हणावे लागते, आणि तेही दातांच्याच धंद्यात!

चणे मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ झाला तो आपल्या पालघर येथून. अंगणवाड्या आणि शाळांतील मुलांची जी आरोग्य तपासणी त्यात होते, तिच्या यादीत किडलेले दात आहेत. पथकाच्या मूळ रचनेत आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. यादीत दात आहेत, पथकात दातांचे माणूस नाही. दात किडल्याची नोंद होते, चिठ्ठी दिली जाते, आणि मजुरी बुडवून तालुक्याला जाणे परवडत नसल्याने ती चिठ्ठी घरातच राहते. त्या मुलाच्या आईला दुधाचे दातही राखायचे असतात, हे सांगायला कोणी येत नाही.

आमच्या खेड्यांतून मिश्री लावणाऱ्या स्त्रियांची संख्या आजही मोठी आहे. जाळलेली तंबाखू दातांना लावल्याने दात बळकट होतात, हा समज आजीकडून नातीकडे येतो. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, पण चुलीवर भाजलेल्या तंबाखूवर बंदी कशी घालणार? तेथे शेजारी बसून बोलणारे माणूस हवे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. तेथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि घासत नाही म्हणून ती बोलणी खातात. दोष ब्रशचा नसून विहिरीचा आहे, हे ओळखणे आणि गावोगावच्या नोंदी ठेवणे हे हायजिनिस्टच्या आवाक्यातील काम आहे.

हे काम शिक्षकांवर सोपवावे, असे कोणी सुचवील. खिचडीचा हिशेब, मतदारयाद्या आणि माहितीचे तक्ते यांतून गुरुजींना शिकवायलाच सवड उरत नाही. त्यात मुलांच्या जबड्यांची भर नको. दंतवैद्यांचा आक्षेप वेगळा असेल. पदविका घेऊन खेड्यात परस्पर दवाखाना थाटला जाईल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नाही. बोगस डॉक्टरांचा अनुभव आपल्याला आहे. परंतु ज्या पदाला हत्यारच द्यायचे नाही त्याबाबत ही भीती कशासाठी?

अभ्यासक्रमात अर्थात बदल करावा लागेल. आज त्याचा भर हाताच्या कौशल्यावर आहे. चौथीच्या वर्गासमोर वीस मिनिटे मराठीत, पाड्यावर गेल्यास तेथील बोलीत, मुलांना न घाबरविता कसे बोलावे, हे शिकविणारा एखादा तास तरी त्यात हवा. पदे केवळ अकरा महिन्यांच्या कंत्राटाची असतील तर चांगली मुले टिकणार नाहीत, हेही आधीच ध्यानात घ्यावे. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रवार रचना तयारच आहे. दोन-तीन केंद्रांना मिळून एक हायजिनिस्ट, असा प्रयोग एका जिल्ह्यात दोन वर्षे करून पाहण्यास फार मोठी तरतूद लागणार नाही. जिल्हा कोणता घ्यावा असा प्रश्न असेल, तर २०१३ मध्ये ज्या गावातून ती यादी निघाली, तो पालघर आज स्वतंत्र जिल्हा आहे.