टॅबवरचा स्टुडिओ : भीमगीताची फाईल कोणाच्या हातात?

मार्च उजाडला की पनवेल तालुक्यातल्या वस्त्यावस्त्यांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. आमच्या पळस्प्यातही तेच. पहिला विषय वर्गणी, दुसरा डीजे. गेली दोन-तीन वर्षे त्यात तिसरा विषय आला आहे. पोरे म्हणतात, "दादा, मंडळाला एक टॅब घ्या, गाणी आपणच बनवू." मागणी रास्त आहे आणि तिला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण लगेच वाद सुरू होतो तो कोणत्या ॲपमध्ये जास्त वाद्ये आणि कोणत्याचा बास जोरात, यावर. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरला आहे. खरा प्रश्न असा : आपण गायलेले, वाजवलेले शेवटी कोणाच्या मालकीचे राहते?

हा प्रश्न नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून पत्र उभे राहिले. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आणि १९३० साली 'जनता' निघाले. बाबासाहेबांनी स्वतःचा भारत भूषण छापखानाही उभा केला. विचार आपला आणि यंत्र दुसऱ्याचे असेल, तर विचाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते, हे त्यांनी ओळखले होते.

गाण्याच्या बाबतीत मात्र आपण उलटे चाललो. भीमराव कर्डकांच्या जलशाला कोणाच्या स्टुडिओची गरज नव्हती. ढोलकी, झीलकरी आणि उघडे मैदान असले की पुरे. मग कॅसेट आली. कॅसेटने भीमगीत घराघरांत, रिक्षात, गिरणीच्या चाळीत पोहोचवले, हे तिचे उपकार नाकारता येणार नाहीत. पण कवीच्या हाती एकरकमी मानधन आणि कंपनीच्या हाती कायमचा हक्क, असा तो व्यवहार होता. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कागदावर सुरक्षित झाला. पण आपल्या किती गायन पार्ट्यांनी तो कागद वाचला? आमच्याच एका पार्टीने मुंबईच्या एका स्टुडिओत चार गाणी केली. वर्षभराने सुटे ट्रॅक मागितले तेव्हा "हार्डडिस्क उडाली" असे उत्तर मिळाले. गाणी ऑनलाइन आहेत, त्यावर नाव तिसऱ्याचेच आहे.

आता या कसोटीवर ॲपे घासून पाहू.

ॲपलचे गॅरेजबँड २०११ साली आयपॅडवर आले आणि २०१७ पासून सगळ्यांना फुकट झाले. बत्तीस ट्रॅक मिळतात, आवाज स्वच्छ, शिकायला सर्वात सोपे. गायक थेट हेडफोनमध्ये स्वतःला ऐकत गाऊ शकतो, उशीर जाणवत नाही. गुणवत्तेत खोट काढायला जागा नाही. अडचण अशी की ते ॲपलच्या बाहेर चालत नाही. ज्या पोराकडे साधा अँड्रॉइड आहे, त्याला त्या प्रोजेक्टला हातही लावता येत नाही. म्हणजे मंडळात एकच आयपॅड आणि तो ज्याच्या घरी, तोच संगीतकार!

त्याच ॲपलचे लॉजिक प्रो मे २०२३ मध्ये आयपॅडवर आले, तेही फक्त वर्गणीवर. ताकद अफाट, पण वर्गणी थांबली की काम थांबले. रोजंदारीवर जगणाऱ्या कलावंताने आपल्या गाण्याला दरमहा भाडे का भरावे? जमीन कसायची आणि खंड द्यायचा, हा व्यवहार आपल्या पूर्वजांनी पुरेसा केला आहे.

बँडलॅब अँड्रॉइडवर चालते, सुरुवातीला पैसे लागत नाहीत आणि दोन गावांतली दोन माणसे एकाच गाण्यावर काम करू शकतात. म्हणून शिकायला मी ते सुचवतो. पण सगळा डोलारा खाते आणि इंटरनेट यांवर उभा आहे. काही सोयींना आता पैसेही पडतात. तेव्हा प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक उतरवून मंडळाच्या पेनड्राइव्हवर ठेवलेच पाहिजेत.

एफएल स्टुडिओ मोबाईल आणि स्टाइनबर्गचे क्युबेसिस ही दोन्ही अँड्रॉइडवर आणि आयपॅडवर मिळतात, मुख्य ॲप एकदाच विकत घ्यायचे. ठेका बांधायचा असेल तर एफएल सरस. गायन पार्टी, कोरस, पेटी असे खरे आवाज रेकॉर्ड करून मांडायचे असतील तर क्युबेसिस सरस. दोन्हींतले काम पुढे त्याच कंपन्यांच्या संगणकावरच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते. माझे मत स्पष्ट आहे : आयपॅड आधीच हातात असेल तर गॅरेजबँड वापरा, पण नव्याने वर्गणी गोळा करून टॅब घेणार असाल तर बरा अँड्रॉइड घ्या, बँडलॅबवर शिका आणि क्युबेसिसवर स्थिरावा.

काही जण म्हणतील, अँड्रॉइडवर आवाज उशिरा येतो. खरे आहे, स्वस्त टॅबवर तो येतोच. पण ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावला की निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी ॲपमधून स्वतःचा आवाज ऐकणे बंद करावे, एक कान उघडा ठेवून गावे आणि ट्रॅक नंतर सरकवून जुळवावा. आपले गायक माइक बंद पडला तरी मैदान गाजवणारे आहेत, त्यांना हे जड नाही.

दुसरा मुद्दा वाद्यांचा. या ॲपांत तबला, सतार झटकन सापडते, हलगी मात्र आम्हाला शोधून सापडली नाही. ज्या हलगीला गावाने विटाळ लावला, तिला यंत्रानेही वेशीबाहेरच ठेवले म्हणा ना. उपाय सोपा आहे. हलगी विस्तवावर शेकून ताणून घ्या, जाड काठीचा घुमारा आणि बारीक काठीचा कडकडाट वेगवेगळा रेकॉर्ड करा आणि कोआला सॅम्पलरसारख्या स्वस्त ॲपमध्ये भरा. ते आवाज सर्व पार्ट्यांना वाटा. आणि मेट्रोनोमची गुलामी करू नका. शाहिरीत लय चढत जाते, ती चौकटीत कोंबली की पोवाडा मरतो.

तिसरा मुद्दा गंभीर आहे. २०२४ पासून आयपॅडच्या लॉजिकमध्ये जुन्या गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायची सोय आली, बँडलॅबमध्येही तशी सोय आहे. आता पोरे जुन्या कॅसेटमधला आवाज काढून त्याखाली डीजेचा ठोका लावतात आणि स्वतःच्या नावाने टाकतात. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. कायद्याने त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत टिकतो. कायदा बाजूला ठेवला तरी नीतीचा प्रश्न उरतोच. कंपन्यांनी आमच्या कवींना लुटले असे म्हणायचे आणि आपणही त्यांचे नाव पुसायचे, याला चळवळ म्हणत नाहीत. जुने गाणे घ्यायचे तर हक्कदाराला विचारा, नाव लिहा, मिळकतीत वाटा द्या. त्यापेक्षा नवे लिहा. आज आरक्षणावर, कंत्राटी नोकरीवर, विमानतळ आणि महामार्गासाठी गेलेल्या जमिनींवर गाणे कोण लिहिणार?

म्हणून मंडळांसमोर माझा ठराव असा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात बऱ्याच ठिकाणी टॅब, माइक आणि हेडफोन येतो. यंदा तो खर्च करा. टॅब मंडळाच्या नावावर असावा आणि समाजमंदिरात राहावा, त्यावर मुलींचाही तितकाच हक्क असावा. प्रत्येक गाण्यासोबत एक कागद ठेवा : शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायले-वाजवले कोणी, तारीख कोणती, मिळकत कशी वाटायची. त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि सुट्या ट्रॅकच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा.

पळस्पे फाट्यावरून एक रस्ता पुण्याला जातो आणि दुसरा महाडला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तो तहान भागवण्यापुरता नव्हता, हक्क सांगण्यासाठी होता. ॲप कोणतेही घ्या, पण ती गोष्ट विसरून घेऊ नका.

जयभीम!