तीन मिनिटांची कैफियत

जुन्या दप्तरांत कैफियत म्हणून कागदाचा एक प्रकार असे. ज्याच्यावर जे गुदरले ते त्याने आपल्या तोंडाने सांगावे, सांगताना सन, ठिकाण, गुरेढोरे, भांडीकुंडी, कोण हजर होते आणि कोण नव्हते याचा तपशील द्यावा, आणि निवाडा काय व्हायचा तो हुजुरांवर सोपवून थांबावे, एवढेच त्या कागदाचे प्रयोजन. अलंकाराला तेथे वाव नाही, आणि तरीही ज्याने अशा चार कैफियती मन लावून वाचल्या आहेत त्याला ठाऊक असते की, पुष्कळशा काव्यापेक्षा त्याच अधिक काळ मनात घर करून राहतात. अमेरिकेच्या दक्षिणेत जन्मलेल्या आणि ‘कंट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांविषयी, म्हणजे स्थूलमानाने १९२७ ते १९८० या काळातील गाण्यांविषयी, विचार करू लागलो की मला दर वेळी या कैफियतींचीच आठवण होते.

या गाण्यांची मोहिनी कशात आहे असे विचारले असता जाणकार म्हणविणारे लोक दोन ठरीव उत्तरे देतात: ती साधी असतात आणि ती दुःखाची असतात. दोन्ही उत्तरे खरी, पण अपुरी; कारण साधी आणि दुःखी गाणी प्रत्येक देशात, प्रत्येक पिढीत, शेकड्यांनी निर्माण होतात आणि श्रावणातल्या सरीसारखी येऊन जातात. (कंट्रीतही अशा रद्दीला तोटा नाही, ज्याला संशय असेल त्याने त्या काळच्या तबकड्यांच्या कोणत्याही ढिगात हात घालून पाहावा.) गतकाळाची ओढ हे तिसरे कारण कोणी पुढे करील, तर तेही माझ्या पचनी पडत नाही, कारण ज्याने टेनेसी नकाशावरही कधी धुंडाळले नाही, आणि ज्याच्या आजोबांनी कापूस वेचला तो वऱ्हाडात, अशा माणसालाही ही गाणी धरून ठेवतात, आणि त्याला तर तो गतकाळ आपला म्हणून आठवण्याची सोयच नाही. माझे मत असे की, या गाण्यांचे टिकाऊपण त्यांतील जबानीच्या शिस्तीत आहे: प्रौढ माणसाने प्रौढ माणसांना, त्यांच्याच रोजच्या शब्दांत, घडलेली गोष्ट वस्तूंची नावे घेऊन सांगायची, आणि सांगून संपताच उठून जायचे.

ही शिस्त काही अंशी अगदी व्यावहारिक कारणांनी आली. १९२७ च्या जुलैअखेरीस व्हिक्टर कंपनीतर्फे राल्फ पीअर नावाचा गृहस्थ ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन ब्रिस्टल गावी उतरला. हे गाव असे की, त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधून टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सरहद्द जाते. टोप्यांच्या व्यापाराच्या एका इमारतीत त्याने आपले बिऱ्हाड मांडले, गाण्यामागे पन्नास डॉलर देऊ केले, आणि त्या जेमतेम दोन आठवड्यांत डोंगरदऱ्यांतून जे लोक त्याच्यापुढे येऊन गायले त्यांत ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि त्याची गरोदर भावजय मेबेल हे त्रिकूट होते, तसाच रेल्वेवर ब्रेकमनची नोकरी केलेला, क्षयाने पोखरलेला जिमी रॉजर्सही होता. नुकताच प्रचारात आलेला विद्युत मायक्रोफोन हळू आवाजही टिपू शकत असल्यामुळे कोणाला ओरडून गाण्याची गरज उरली नव्हती, आणि तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटे मावत असल्यामुळे डोंगरी मुलखातली वीस-वीस कडव्यांची आख्याने तोडून, तासून, चार कडव्यांत बसविणे भाग पडले. या काटछाटीत जे उरले ते सगळे हाडामांसाचे. शिवाय पीअरला अशी गाणी हवी होती की जी नवी म्हणून मालकीहक्काने नोंदविता येतील, म्हणजे परंपरेला लेखणी लागली ती धनलोभाच्या हाताने. परंतु कलेच्या इतिहासात असे हात पुष्कळदा उपकारक ठरले आहेत, तेव्हा याबद्दल कोणी फार हळहळू नये. रॉजर्सला पुढे अवघी सहा वर्षे मिळाली. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये, दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर पडून विश्रांती घेत त्याने आपली अखेरची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि दोनच दिवसांनी तो वारला, वय पस्तीस.

आता तपशिलाची गोष्ट. डॉली पार्टन ही टेनेसीच्या डोंगरातील बारा भावंडांपैकी एक. तिच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला रोख पैसे देण्याची ऐपत नसल्यामुळे वडिलांनी मक्याच्या पिठाची गोणी दिली, हे ती स्वतःच सांगत आली आहे. १९७१ साली तिने ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हे गाणे प्रसिद्ध केले, त्यात दारिद्र्याबद्दल एकही सिद्धान्त नाही. आईने चिंध्या जोडून शिवलेला एक कोट आहे, शिवताना सांगितलेली बायबलातील योसेफाची कथा आहे, आणि तो कोट पाहून शाळेत हसणारी मुले आहेत. बस्स. गोधडी पांघरून वाढलेल्या आपल्या वाचकाला यापुढे काही सांगावे लागू नये. लोरेटा लिनने १९७० साली ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये केंटकीतील आपले घर असेच वस्तू-वस्तूंनी उभे केले, आणि पंधराव्या वर्षी लग्न होऊन भराभर मुले झालेल्या याच बाईने १९७५ साली संततिप्रतिबंधक गोळीवर गाणे बाहेर काढले, तेव्हा कित्येक नभोवाणी केंद्रांनी ते वाजविण्यास नकार दिला. नवऱ्याला समोर बसवून बायकोने हिशोब मागावा, असा त्या गाण्याचा सूर आहे, आणि धर्मभीरू दक्षिणेच्या बैठकीच्या खोलीत तो हिशोब मांडला गेला यातच त्याचे सामर्थ्य. स्त्रियांच्या चळवळीचे शेकडो जाहीरनामे निघाले. पण स्वयंपाकघरात गुणगुणता आले ते हे.

परंतु या कलेचे शिखर कोणते असे कोणी मला विचारले, तर मी जॉर्ज जोन्सच्या १९८० सालच्या ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’कडे बोट दाखवीन. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन यांनी ते रचले. शीर्षकाचा अर्थ एवढाच की, त्याने आज तिच्यावर प्रेम करणे सोडले. ऐकणारा मनाशी म्हणतो, सुटला बिचारा. सोडून गेलेल्या बाईचा ध्यास धरून बसलेला हा माणूस अखेर शहाणा झाला. गाणे सांगतो तो त्याचा मित्र, आणि तो कोणतेही भाष्य न करता फक्त मामल्याचा पंचनामा करीत जातो: भिंतीवरची तसबीर, उशाशी जपलेली जुनी पत्रे, त्यांत तांबड्या शाईने केलेल्या खुणा. मग ध्रुवपद येते, आणि त्याबरोबर दारावरचा शोकाचा हार दिसतो, आणि कळते की प्रेम करणे सोडण्याचा एकच मार्ग या माणसाने स्वतःला मोकळा ठेवला होता. शीर्षकाचे शब्द तेच राहतात, अर्थ मात्र पायाखालची फळी सरकावी तसा सरकतो. पुढे एका ठिकाणी गायक गाणे थांबवून नुसता बोलू लागतो, जसे कीर्तनात रंग भरत आला असता बुवा अकस्मात चाल सोडून साध्या बोलण्यावर येतात, आणि ती परत आल्याचे सांगतो. उशीर झालेला असतोच. हे गाणे ध्वनिमुद्रित होण्यास जोन्सच्या व्यसनापायी कित्येक महिने लागले, तो चालही चुकून दुसऱ्याच गाण्याची धरीत असे, आणि असले मरणाचे रडगाणे कोणी विकत घेणार नाही असे त्याचे स्वतःचे मत होते. गायकाला आपल्या गाण्याची पारख असतेच असे नाही, याचा इतका चोख दाखला दुसरा नसेल.

येथे एक शंका रास्तपणे उभी राहते: कैफियत म्हटली की ती खरी असली पाहिजे, मग ही गाणी खरी आहेत काय? नॅशव्हिलचा गीतकार हार्लन हॉवर्ड कंट्रीची व्याख्या करताना तीन स्वरमेळ आणि सत्य एवढेच लागते असे म्हणत असे, आणि ती व्याख्या इतकी लोकप्रिय झाली की तिची छाननी करण्याचे कोणाला सुचलेच नाही. जॉनी कॅशचे फॉल्सम तुरुंगाचे गाणे घ्या. कॅशने तुरुंगाची शिक्षा कधी भोगली नव्हती. अमेरिकन हवाई दलाच्या नोकरीत जर्मनीत असताना त्याने त्या तुरुंगावरचा एक चित्रपट पाहिला, गॉर्डन जेन्किन्सच्या एका आधीच्या गीताची चाल आणि बरेचसे शब्द उचलले, ज्याबद्दल त्याला पुढे भरपाई द्यावी लागली, आणि १९५५ साली गाणे मुद्रित केले. १३ जानेवारी १९६८ रोजी तो खरोखरच फॉल्समच्या कैद्यांपुढे गायला, हे खरे. परंतु गाण्यातील खुनाच्या कबुलीनंतर तबकडीवर जो जल्लोष उसळतो तो नंतर जोडलेला आहे, कैदी त्या क्षणी मुकाट होते. याच्या उलट मर्ल हॅगर्ड. तो सॅन क्वेंटिनचा खराखुरा कैदी, कॅश तेथे गायला आला तेव्हा श्रोत्यांत बसलेला. पण १९६८ च्या ‘मामा ट्राइड’मध्ये त्याने स्वतःला जन्मठेप ठोठावून घेतली, वस्तुतः तो तीन वर्षांच्या आतच सुटला होता. गाण्याच्या वजनाला जन्मठेप शोभली म्हणून त्याने ती लावली. सारांश, हे सत्य न्यायालयातले नव्हे, चांगल्या साक्षीदाराच्या आवाजातले आहे. आणि तो आवाज घडविण्यासाठी नॅशव्हिलमध्ये पगारी माणसे सकाळी कचेरीत येऊन बसत. हँक कॉक्रन या गीतकाराने स्वतःला मिळणारी पगारवाढ सोडून दिली आणि त्या पैशांत विली नेल्सनला आपल्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला लावले. पॅट्सी क्लाइनने १९६१ साली गाऊन अजरामर केलेले ‘क्रेझी’ हे या विलीचेच. मोटार-अपघातात बरगड्या दुखावल्यामुळे तिला पहिल्या दिवशी वरचे स्वर लागेनात. वाद्ये आधी मुद्रित झाली आणि ती पुन्हा येऊन गायली. म्हणून मला या गाण्यांना ग्रामगीते म्हणणे पटत नाही. ती ग्रामीण माणसांनी, शहरात बसून, कारागिराच्या सावधपणाने केलेली कामे आहेत.

आवाजाविषयी लिहावे तितके थोडे. हँक विल्यम्सचा आवाज ओळीच्या ऐन मर्मस्थानी किंचित मोडतो, आणि ते मोडणे हा दोष नसून त्याने ठरवून ठेवलेली जागा आहे, हे दोन-तीन गाणी पाठोपाठ ऐकली म्हणजे ध्यानात येते. तो १९५३ च्या पहिल्या जानेवारीला, कार्यक्रमाच्या गावी जात असता, मोटारीच्या मागच्या बैठकीवर मेलेला आढळला. तिशीही उलटली नव्हती. आवाजाच्या जोडीला स्टील गिटार. हे वाद्य हवाई बेटांतून आले; तारेवर धातूची कांडी सरकवून स्वरातून स्वरात जाण्याची त्याची रीत आपल्या मींडेची इतकी सख्खी आहे की, तेच हवाई गिटार मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतही सुखाने नांदले आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर त्यावर राग वाजविले. रॉजर्सच्या यॉडलिंगचा, म्हणजे गळा एकाएकी उलटवून वरच्या स्वरात फेकण्याच्या लकबीचा, धागा आपल्या किशोरकुमारपर्यंत पोचतो असे सांगितले जाते; ऐकून तरी ते अशक्य वाटत नाही.

या कौतुकाच्या भरात एक देणे विसरले जाते, ते नोंदविले पाहिजे. कार्टर गाणी गोळा करीत हिंडे तेव्हा स्वतः शब्द टिपून घेई, आणि चाली डोक्यात साठवी तो लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. लहानग्या हँकला वाद्य आणि ढंग शिकविणारा रूफस पेन रस्त्यावर वाजविणारा कृष्णवर्णीय कलावंत. बँजो तर मुळात आफ्रिकी वंशाचे. पण तबकड्यांच्या कंपन्यांनी काळ्यांचे आणि गोऱ्यांचे संगीत निरनिराळ्या याद्यांत टाकले, आणि बाजाराने केलेली ती वाटणी लोकांनी जन्मजात समजून घेतली. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी-कार्यक्रमाच्या आरंभीच्या तारकांपैकी एक असलेल्या डीफोर्ड बेली या हार्मोनिकावादकाला १९४१ साली काढून टाकण्यात आले, आणि त्याने पुढे बूट-पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. कंट्रीच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली ती २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. जबानीवर उभ्या असलेल्या कलेने इतक्या साक्षीदारांच्या जबान्या दडपून ठेवल्या, ही तिच्या नावावरची सर्वांत मोठी बाकी आहे.

या गाण्यांची ओळख करून घ्यावी असे ज्या वाचकाला वाटेल, त्याने जिम रीव्हजपासून प्रारंभ करावा. १९६४ साली विमान कोसळून गेलेल्या या माणसाचा मऊ, संथ आवाज आणि स्वच्छ उच्चार असे आहेत की, इंग्रजीशी बेताचाच परिचय असणाऱ्यालाही शब्द निसटत नाहीत. म्हणूनच वांद्र्याच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळ आला की आजही तो ऐकू येतो. त्यानंतर हँक, मग लोरेटा. जोन्सचे ते गाणे सर्वांत शेवटी लावावे, हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे, आणि त्यापूर्वी त्याचा शेवट कोणाला, मी येथे सांगितला तसा, सांगू नये.